डिजिटल चलन घेताना-विकताना पैसे कुठल्या मार्गाने पाठवावेत: खातं अडकू नये म्हणून पायरीपायरीने

यूएसडीटी (डॉलरच्या किमतीशी बांधलेलं डिजिटल नाणं) किंवा बिटकॉइन विकायचं ठरलं की बहुतेकजण आधी दर बघतात. ज्याचा दर दोन रुपये जास्त, त्याला आपला नंबर देऊन 'जीपे कर' म्हणून सांगतात. पैसे येतात, खर्चही होतात. मग काही आठवड्यांनी एटीएममधून पैसे निघेनासे होतात आणि शाखेत गेल्यावर कळतं की दुसऱ्या कुठल्यातरी राज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून खात्यावर होल्ड लागला आहे. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत हीच तक्रार ऐकू येते. बहुतेक वेळा मूळ चूक एकच असते: कामाचा क्रम उलटा लागलेला असतो.

कुठली पद्धत वेगवान आणि कुठली स्वस्त, हे प्रश्न शेवटी येतात. त्याआधी बघायचं ते हे, की पैसा कोणाच्या नावावरून निघतो आणि कोणाच्या नावावर पोचतो. तुमच्याच बँक खात्यातून तुमच्याच एक्सचेंज खात्यात (एक्सचेंज म्हणजे डिजिटल चलन घेण्या-विकण्याचं ॲप किंवा वेबसाइट) आणि तिथून परत तुमच्याच खात्यात, एवढा रस्ता सरळ ठेवला तर निम्म्याहून जास्त त्रास वाचतो. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. मधली एखादी गाळून पुढे जाऊ नका.

एक खुलासा आधीच करतो. रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया हा वेगळा विषय आहे. १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठी त्याची प्रायोगिक योजना सुरू झाली. तो रुपयाच आहे, त्यात नफा-तोटा होत नाही. इथे बोलतोय ते बिटकॉइन, इथेरियम, यूएसडीटी यांच्याबद्दल. कायद्याच्या भाषेत त्यांना आभासी डिजिटल मालमत्ता म्हणतात. भारतात त्यांना चलन म्हणून मान्यता नाही, पण त्यांची खरेदी-विक्री करता येते आणि त्यावर कर लागतो.

पायरी १: खातं वेगळं काढा

या कामासाठी वेगळं बचत खातं हवं. घरखर्चाचं किंवा धंद्याचं खातं यासाठी अजिबात वापरू नका.

कोकणात हे जास्त जपायला हवं, कारण आपल्याकडे वर्षाचा मोठा पैसा ठरावीक दिवसांत एकाच खात्यात येतो. मार्च ते मे मध्ये हापूसचे पैसे येतात. मच्छीमार सोसायटीमार्फत डिझेलचा परतावा येतो. होमस्टे असेल तर दिवाळी आणि मे महिन्याचं बुकिंग येतं. त्याच खात्यात कुणा अनोळखी खरेदीदाराचे पंधरा हजार रुपये आले आणि ते फसवणुकीतले निघाले, तर पंधरा हजारांसाठी हंगामाची सगळी रक्कम अडकू शकते. पीककर्जाचं खातंही यापासून दूर ठेवा.

बोटीवर किंवा परदेशी जहाजावर काम करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. तुमचा डॉलरमधला पगार एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यात येत असेल तर त्या खात्यात डिजिटल चलन विक्रीचा पैसा मिसळू नका. त्या खात्यात कुठून पैसा यावा याचे परकीय चलनाचे नियम ठरलेले आहेत, आणि कुणा स्थानिक खरेदीदाराने पाठवलेले रुपये त्यात बसत नाहीत.

खातं कुठल्या बँकेत काढावं? मोठ्या सरकारी किंवा खाजगी बँकेत, जिचं स्वतःचं नेटबँकिंग आहे आणि जिथून आयएमपीएस, एनईएफटी दोन्ही होतं. गावातल्या सहकारी बँकेचं किंवा पतसंस्थेचं खातं रोजच्या व्यवहाराला उत्तम, पण छोट्या सहकारी बँका अनेकदा दुसऱ्या बँकेच्या आधाराने पेमेंट यंत्रणेत असतात. अशा खात्याची एक्सचेंजवर पडताळणी अडकण्याचा संभव जास्त. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत खातं असलेल्यांनी लक्षात ठेवावं की १ मे २०२५ पासून 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' या धोरणाखाली ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्र झाली. ॲपमध्ये जुने तपशील साठवलेले असतील तर आयएफएससी शाखेतून खात्री करून घ्या, मगच वापरा.

पुढे जाण्याआधी तपासा:

- पॅन, आधार आणि बँक खातं, तिन्हीकडे नाव सारखंच आहे ना? वडिलांचं नाव एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, लग्नानंतरचं आडनाव एकीकडे बदललं आणि दुसरीकडे राहिलं, एवढ्यावरही पडताळणी नाकारली जाते.
- पॅन-आधार जोडणी झाली आहे ना? पॅन निष्क्रिय असेल तर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, चढ्या दराने कापला जातो.
- बँकेत नोंदवलेलं सिम तुमच्याच फोनमध्ये आहे ना? घरात दादाच्या किंवा वडिलांच्या नंबरवर ओटीपी येत असेल तर आधी नंबर बदलून घ्या.

पायरी २: एक्सचेंज नोंदणीकृत आहे का ते बघा

७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने डिजिटल चलनाची सेवा देणाऱ्या कंपन्या काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या. त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट, म्हणजे एफआययू-इंडियाकडे नोंदणी करावी लागते. हा नियम परदेशी एक्सचेंजनाही लागू आहे. डिसेंबर २०२३ मध्ये नऊ परदेशी एक्सचेंजना याच कारणावरून नोटिसा गेल्या होत्या. त्यांतल्या बायनान्स आणि कूकॉइन यांनी २०२४ मध्ये नोंदणी केली.

म्हणून ॲप उतरवण्याआधी ती कंपनी एफआययूकडे नोंदलेली आहे का, ते शोधा. टेलिग्राम ग्रुपवर आलेल्या लिंकवरून ॲप घेऊ नका. एपीके फाइल (ॲप थेट फोनमध्ये बसवणारी फाइल) कुणी व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती उघडूही नका.

इशारा: नोंदणी म्हणजे सरकारची हमी नव्हे. बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो, एक्सचेंजवर ठेवलेल्या शिलकीला नसतो. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्सवरून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे नंतर कितीतरी महिने अडकून राहिले. व्यवहारापुरते पैसे एक्सचेंजवर ठेवा, काम झालं की काढून घ्या.

पायरी ३: रस्त्यांची तुलना

आता पेमेंटच्या पद्धतींकडे वळू. तुमच्या एक्सचेंजवर 'डिपॉझिट' उघडा आणि तिथे कुठले पर्याय खरोखर चालू आहेत ते बघा. जो पर्याय यादीत नाही तो स्वतःच्या डोक्याने वापरायचा नाही. एक्सचेंजने दिलेल्या खात्यावर फक्त एनईएफटी चालतं असं लिहिलं असेल आणि तुम्ही आयएमपीएस केलंत, तर पैसे परत येईपर्यंत वाट बघत बसावं लागतं.

*आयएमपीएस.* माझी पहिली पसंती यालाच. चोवीस तास चालतं, पैसे काही सेकंदांत पोचतात, एका व्यवहाराची वरची मर्यादा ५ लाख रुपये आहे. तुमची बँक त्याहून कमी ठेवू शकते. पाठवणाऱ्याचं नाव आणि खातं स्पष्ट दिसतं, त्यामुळे एक्सचेंजला जुळवणी सोपी जाते. बँक थोडं शुल्क घेऊ शकते. नवीन खातं जोडल्यावर सुरुवातीचे काही तास काही बँका कमी रकमेची मर्यादा लावतात, म्हणून खातं आदल्या दिवशीच जोडून ठेवा.

*एनईएफटी.* घाई नसेल तर हे सगळ्यांत निवांत. १६ डिसेंबर २०१९ पासून तेही चोवीस तास आणि सुट्टीच्या दिवशीही चालतं, पण दर अर्ध्या तासाच्या तुकडीने जातं. तुकडी पार पडल्यावर दोन तासांच्या आत पैसे जमा व्हायला हवेत किंवा परत यायला हवेत. बचत खात्यातून ऑनलाइन केलेल्या एनईएफटीला शुल्क नाही. दर सतत हलत असताना मात्र एनईएफटीवर विसंबून सौदा ठरवू नका. पैसे आधी पोचू द्या, मग ऑर्डर टाका.

*आरटीजीएस.* किमान २ लाख रुपये. पहिल्यांदा करणाऱ्याला याची गरज नाही. मोठी रक्कम असेल तेव्हाच, आणि तीही आधी छोट्या रकमेने खात्री झाल्यावर.

एनईएफटी आणि आरटीजीएस करताना समोरच्या खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. ती सोय तुमच्या ॲपमध्ये असेल तर दरवेळी वापरा. एक्सचेंजच्या कंपनीचं नाव दिसायला हवं. एखाद्या माणसाचं नाव दिसलं तर तिथेच थांबा.

*यूपीआय.* सगळ्यांना हाताशी असलेला मार्ग हाच आणि गोंधळही यातच सगळ्यांत जास्त. एप्रिल २०२२ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने सांगितलं की कुठलंही क्रिप्टो एक्सचेंज यूपीआय वापरत असल्याचं आपल्याला माहीत नाही. त्यानंतर अनेक ठिकाणी हा पर्याय बंद झाला. पुढे कुठे सुरू झाला, कुठे पुन्हा बंद पडला. त्यामुळे आज दिसणारा यूपीआय पर्याय पुढच्या महिन्यात असेलच असं धरू नका. साधारण व्यवहाराला दिवसाची मर्यादा १ लाख रुपये. नवीन फोनवर यूपीआय नव्याने सुरू केलं तर पहिले २४ तास बहुतेक ठिकाणी ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात.

छोट्या रकमेची खरेदी आणि तीही एक्सचेंजच्या स्वतःच्या पानावरून, एवढ्यासाठी यूपीआय ठीक. विक्रीचे पैसे अनोळखी माणसाकडून यूपीआयवर घेणं हे मी कुणालाच सुचवणार नाही. यूपीआय आयडी किंवा मोबाइल नंबर एकदा दिला की त्यावर कोणीही, कुठूनही, तुमची परवानगी न घेता पैसे टाकू शकतो. ते पैसे कोणाचे होते हे तुम्हाला होल्ड लागल्यावर कळतं.

इशारा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. 'पेमेंट घेण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका' असं कुणी म्हणालं तर तो तुमचे पैसे काढतोय.

*कार्ड.* परदेशी एक्सचेंजवर क्रेडिट कार्डाने खरेदी करता येते असं दिसतं, पण भारतीय बँका असे व्यवहार बरेचदा नाकारतात. जिथे होतं तिथे कार्डाचं शुल्क आणि परकीय चलनाची वाढीव आकारणी मिळून मोठी रक्कम जाते. शिवाय उधारीच्या पैशाने इतकी चंचल वस्तू घेणं मला पटत नाही.

*रोख.* नाही. एसटी स्टँडवर किंवा हॉटेलात बसून रोख घेऊन फोनवरून नाणी पाठवायची, हा प्रकार कितीही ओळखीतला वाटला तरी त्याला पुरावा राहत नाही. नोटा खोट्या निघू शकतात, आणि तो पैसा कुठून आला हे विचारल्यावर दाखवायला तुमच्याकडे काहीच नसतं.

*पीटूपी.* म्हणजे ॲप मध्ये राहून दोन माणसांना जोडतं, आणि रुपये मात्र थेट एका माणसाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात जातात. दर बरा दिसतो. खाती अडकण्याची बहुतेक प्रकरणं मात्र इथूनच येतात, म्हणून त्यासाठी खाली वेगळी पायरी ठेवली आहे.

पायरी ४: हातात खरंच किती उरतं ते काढा

दर बघून 'फायदा झाला' म्हणणं घाईचं आहे. एक उदाहरण घेऊ. ४०,००० रुपयांना घेतलेली नाणी ४६,००० ला विकली. एक्सचेंजचं विक्री शुल्क अर्धा टक्का धरू.

- शुल्क २३० रुपये, त्यावर १८% जीएसटी ४१.४० रुपये. उरले ४५,७२८.६० रुपये.
- त्यावर १% टीडीएस, साधारण ४५७ रुपये. खात्यात जमा होतात सुमारे ४५,२७१ रुपये.
- कर मोजताना नफा धरला जातो ६,००० रुपये, कारण खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा करता येत नाही. विक्रीचं शुल्कही नाही.
- ३०% कर आणि त्यावर ४% उपकर, म्हणजे एकूण ३१.२%: १,८७२ रुपये. त्यातले ४५७ टीडीएसमधून आधीच गेलेत, उरलेले १,४१५ विवरणपत्र भरताना द्यायचे.

सगळं जाऊन सहा हजारांतले सुमारे ३,८५६ रुपये हातात राहतात. दोन पद्धतींच्या शुल्कातल्या पाच-दहा रुपयांच्या फरकासाठी असुरक्षित रस्ता घेण्यात अर्थ नाही, हे या आकड्यांवरून कळावं.

लोक तीन गोष्टी चुकतात. पहिली, एका नाण्यात झालेला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. दुसरी, यूएसडीटी देऊन बिटकॉइन घेतलं तरी ते विकल्यासारखंच धरलं जातं, रुपये खात्यात आले नाहीत तरी. तिसरी, 'माझं बाकी उत्पन्न करपात्रच नाही' म्हणून हा ३०% कर चुकत नाही. ३०% कर १ एप्रिल २०२२ पासून आणि १% टीडीएस १ जुलै २०२२ पासून लागू आहे.

पायरी ५: आधी छोटी फेरी मारा

पहिल्यांदा एक्सचेंज स्वीकारतं तेवढ्या किमान रकमेची पूर्ण फेरी करा. पैसे भरा, नाणं घ्या, लगेच विका आणि रुपये पुन्हा बँकेत काढा. निम्म्यावर थांबू नका. भरणा बहुतेक ठिकाणी सहज होतो, अडचण येते ती पैसे काढताना. पन्नास हजार भरल्यानंतर पहिल्यांदा 'विथड्रॉ' दाबणं ही फार मोठी चूक आहे.

फेरी पूर्ण झाल्यावर बँकेचं स्टेटमेंट उघडून बघा. पैसे कुठल्या नावाने आले? एक्सचेंजच्या कंपनीच्या किंवा तिच्या पेमेंट भागीदाराच्या नावाने आले असतील तर ठीक. भलत्याच माणसाच्या किंवा 'ट्रेडर्स', 'एंटरप्रायझेस' असल्या नावाच्या खात्यातून आले असतील तर त्या ठिकाणी पुढचा व्यवहार करू नका.

पायरी ६: खरेदी

हा भाग सोपा आहे. एक्सचेंजच्या पानावरून भरण्याचे तपशील दरवेळी ताजे उघडा. गेल्या महिन्यात साठवलेल्या खात्यावर पाठवू नका, ती खाती बदलतात. स्वतःच्याच नोंदवलेल्या खात्यातून पाठवा. बायकोच्या, भावाच्या किंवा मित्राच्या खात्यातून आलेले पैसे परत पाठवले जातात, आणि तेही लगेच नाही. संदर्भ क्रमांक द्यायला सांगितला असेल तर तो जसाच्या तसा भरा.

शेऱ्याच्या जागी खोटं कारण लिहू नका. 'आंबा पेटी', 'जाळ्याचे पैसे' असलं काही लिहिलं की ते पुढे तुमच्याच विरोधात जातं. उद्या चौकशी झाली तर साधा व्यवहार लपवल्यासारखा दिसतो.

पावसाळ्यात एक जास्तीची काळजी घ्या. लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही बसतो आणि पेमेंट 'प्रलंबित' दाखवत राहतं. लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. आधी बँकेच्या स्टेटमेंटमध्ये रक्कम वजा झाली का ते बघा. यूपीआय किंवा आयएमपीएसमध्ये पैसे वजा होऊन समोरच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. कंपनीला यूपीआयने केलेल्या पेमेंटला ही मुदत पाच दिवसांची असते.

पायरी ७: विक्री

शक्य असेल तर एक्सचेंजच्या रुपया बाजारातच, म्हणजे जिथे नाणं थेट रुपयांत विकलं जातं तिथेच विका आणि तिथून आपल्या नोंदवलेल्या खात्यात काढा. दर कदाचित थोडा कमी मिळेल. पण पैसा एका नोंदणीकृत कंपनीकडून आला, टीडीएस तिने कापला, कागद तयार झाला. माझ्या मते हा कमी दर परवडतो.

क्रम असा ठेवा: विक्री करा, ऑर्डर पूर्ण झाल्याचं बघा, रुपये शिलकीत आल्याचं बघा, काढण्याची विनंती टाका, यूटीआर क्रमांक उतरवून घ्या, बँकेत जमा झाल्याची खात्री करा. यूटीआर म्हणजे बँकेच्या व्यवहाराचा ओळख क्रमांक. तो हाताशी असेल तरच हरवलेले पैसे शोधता येतात.

कुडाळ-सावंतवाडीकडची काही मुलं परदेशी ग्राहकांची वेबसाइटची किंवा डिझाइनची कामं करतात आणि मोबदला यूएसडीटीत घेतात. त्यांना माझं सांगणं आहे की ग्राहकाला बँकेतूनच डॉलर पाठवायला सांगा. निर्यातीचा पैसा बँकेच्या मार्गाने आला की बँकेकडून त्याचा दाखला मिळतो, आणि पुढे कर्ज, जीएसटी, आयकर सगळीकडे तो चालतो.

पायरी ८: पीटूपी केलंच तर

करू नका असं सांगूनही काहीजण करतात, म्हणून निदान नीट तरी करा.

फसवणूक कशी चालते ते आधी समजून घ्या. कुठेतरी एखाद्या माणसाला 'डिजिटल अरेस्ट'च्या किंवा शेअरच्या नावाने फसवलं जातं. ठग त्याला पैसे पाठवायला स्वतःचं खातं देत नाही, तुमचं देतो. पैसे तुमच्या खात्यात येतात, तुम्ही खरेदीदारानेच दिले असं समजून यूएसडीटी सोडता, म्हणजे त्याच्याकडे जाऊ देता. ठग नाणी घेऊन गायब होतो. फसलेला माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो आणि पैशाचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात. तुम्ही काही वावगं केलेलं नसतं, तरीही खातं अडकतं.

त्यामुळे:

१. पैसे पाठवणाऱ्याचं बँकेतलं नाव आणि ॲपवर पडताळलेलं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं. जुळलं नाही तर नाणी सोडू नका. सौदा रद्द करा, ॲपच्या तक्रार विभागात कळवा आणि रक्कम परत द्यायची ती ज्या खात्यातून आली त्याच खात्यात, तीही ॲपच्या सूचनेनुसार.

२. 'माझ्या मेव्हण्याच्या खात्यातून पाठवतो' म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नका.

३. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट, एसएमएस किंवा ईमेल पुरावा धरू नका. घरातलं कोणी 'पैसे इले' म्हणालं तरी पुरे नाही. बँकेचं ॲप स्वतः उघडून शिल्लक आणि नोंद बघा.

४. सगळं बोलणं ॲपच्या चॅटमध्येच. खरेदीदार व्हॉट्सॲपवर या म्हणाला की तो सौदा सोडा.

५. बाजारभावापेक्षा ठळकपणे जास्त दर देणाऱ्याला नकार द्या. स्वच्छ पैसा असलेला माणूस जास्त पैसे कशाला देईल?

६. एकच रक्कम दोन-तीन वेगवेगळ्या खात्यांतून तुकड्यांनी आली तर ती मोठी धोक्याची खूण.

७. सौद्याला बहुतेक ॲपवर १५ ते ३० मिनिटांची मुदत असते. जहाजावर असताना, घाटात गाडीत असताना किंवा रेंज येते-जाते अशा वाडीत बसून सौदा उघडू नका. ओटीपी उशिरा येतो, घाई होते आणि घाईत नाव तपासायचं राहतं.

ॲपच्या बाहेर थेट माणसाशी व्यवहार झाला तर, ठरावीक वार्षिक मर्यादेच्या वर, १% टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदारावर येते. हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

इशारा, आणि हा सगळ्यांत महत्त्वाचा: 'तुझं खातं वापरायला दे, आलेल्या पैशाचं यूएसडीटी घेऊन पाठव, दोन टक्के तुझे' हे काम स्वीकारू नका. किनाऱ्यावरच्या कॉलेजच्या मुलांना आणि मासेमारी बंदीच्या काळात घरी बसलेल्या खलाशांना अशी ऑफर ओळखीच्याच माणसाकडून येते. यात खातं नुसतं अडकत नाही, तुम्ही आरोपी होता. पासबुक, सिम आणि एटीएम कार्ड भाड्याने देणं हाही तोच प्रकार.

पायरी ९: नाणी एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवताना

रुपयाचा व्यवहार चुकला तर बँक, रिझर्व्ह बँक, पोलीस असं कोणीतरी विचारायला असतं. चुकीच्या पत्त्यावर (पत्ता म्हणजे नाणी घेण्याचा, खाते क्रमांकासारखा लांब कोड) गेलेलं नाणं परत आणणारं कोणी नाही.

यूएसडीटी अनेक नेटवर्कवर, म्हणजे नाणी पाठवण्याच्या वेगवेगळ्या यंत्रणांवर चालतं. ट्रॉन नेटवर्कचा पत्ता इंग्रजी टी अक्षराने सुरू होतो, इथेरियमचा शून्य आणि एक्सने. पाठवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकच नेटवर्क निवडलेलं असलं पाहिजे. इथेरियमसारख्याच पत्त्याची आणखी नेटवर्क आहेत, म्हणून नुसता पत्ता जुळला एवढ्यावर जाऊ नका, नेटवर्कचं नावही वाचा. एक्सआरपीसारख्या काही नाण्यांना पत्त्यासोबत टॅग क्रमांक लागतो. तो राहिला तर एक्सचेंजला ते नाणं कोणाचं हे कळत नाही.

पत्ता हाताने टाइप करू नका. कॉपी केल्यावर पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं ताडून बघा, कारण कॉपी केलेला पत्ता बदलणारे व्हायरस आहेत. जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलू नका. दिसायला तसाच पत्ता मुद्दाम तिथे पेरलेला असू शकतो. आधी थोडी नाणी पाठवा, पोचली की उरलेली.

पायरी १०: नोंद त्याच दिवशी

एक वही किंवा एक्सेल ठेवा. तारीख, काय घेतलं-विकलं, किती, रुपयांतली किंमत, शुल्क, टीडीएस, यूटीआर, समोरची कंपनी किंवा माणूस. पीटूपी असेल तर समोरच्याच्या नावाचा आणि चॅटचा स्क्रीनशॉटही. महिन्याच्या शेवटी एक्सचेंजवरून व्यवहारांची फाइल उतरवून ठेवा. एक्सचेंज बंद पडलं की जुन्या नोंदी मिळतीलच असं नाही.

विवरणपत्रात या व्यवहारांसाठी वेगळं परिशिष्ट आहे आणि प्रत्येक विक्री तारखेनिशी दाखवावी लागते. कापलेला टीडीएस २६एएस आणि एआयएस या आयकर खात्याकडच्या तुमच्या नावाच्या नोंदींमध्ये दिसतो का ते भरण्याआधी जुळवा. तिथे व्यवहार दिसतोय आणि तुमच्या विवरणपत्रात नाही, असं झालं की नोटीस येते.

खातं अडकलंच तर

शाखेत जा आणि तीन गोष्टी लेखी मागा: तक्रारीचा पोचक्रमांक, कुठल्या पोलीस ठाण्याने सांगितलं, आणि किती रकमेवर वाद आहे. 'वरून आलंय' एवढ्या उत्तरावर परत फिरू नका.

वादातली रक्कम छोटी आणि खातं पूर्ण बंद असेल, तर होल्ड तेवढ्याच रकमेपुरता ठेवावा असा अर्ज बँकेला द्या आणि त्याच्या प्रतीवर शाखेचा शिक्का घ्या. तपास अधिकाऱ्यांना ईमेल करा. त्यासोबत ओळखपत्र, बँक स्टेटमेंट, एक्सचेंजवरचा ऑर्डर क्रमांक, चॅट आणि नाणी सोडल्याची नोंद जोडा. व्यवहाराची गोष्ट तारीख-वेळेनुसार सरळ लिहा, काही लपवू नका. उत्तर आलं नाही तर वकिलामार्फत दंडाधिकारी न्यायालयात खातं मोकळं करण्याचा अर्ज करता येतो. बँकेने तुमच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते. त्यांची हेल्पलाइन १४४४८.

'पन्नास हजार द्या, दोन दिवसांत होल्ड काढून देतो' म्हणणारे दलाल ऑनलाइन भरपूर आहेत. एक पैसाही देऊ नका. होल्ड काढणं दलालाच्या हातात नसतं.

तुम्हीच फसला असाल तर पहिला तास महत्त्वाचा. आधी १९३० वर फोन, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, मग बँक आणि एक्सचेंजला कळवणं. फोन लावताना यूटीआर, रक्कम, वेळ आणि स्वतःचा खाते क्रमांक समोर लिहून ठेवा, कारण तिकडून पहिल्यांदा हेच विचारतात.